दोन मिलिलिटरचा हिशेब

संपादक महोदय,

लहान मुलांच्या मेंदूच्या व मणक्याच्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचा (गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून देतात त्या ‘कॉन्ट्रास्ट’ औषधाचा) डोस वजनावर ठरतो: किलोमागे 0.1 मिलिमोल. नेहमीच्या 0.5 मिलिमोल प्रति मिलिलिटर औषधाचे दहा किलोच्या बाळाला जेमतेम 2 मिलिलिटर लागतात. गॅडोब्युट्रॉल हे गॅडोलिनियमचेच एक औषध दुप्पट तीव्र, म्हणून त्याचा 1 मिलिलिटरच पुरतो. बाटली न वाचता सवयीने 2 भरले की डोस दुप्पट!

उलट चूकही होते. एवढ्याशा औषधातले बरेचसे सलाइनच्या नळीतच अडकते. मागून सलाइन ढकलले नाही तर गाठ उजळतच नाही आणि अहवाल ‘कॉन्ट्रास्ट घेत नाही’ असा येतो. बारीक सुई शिरेतच आहे ना, हेही आधी सलाइन देऊन पाहावे.

मेंदूच्या मागच्या भागात गाठ असेल तर मणक्याची तपासणी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच, मेंदूच्या एमआरआयच्याच भुलीत उरकावी. नंतर शस्त्रक्रियेतले, मणक्यात खाली उतरलेले रक्त पसरलेल्या गाठीसारखे दिसते.

पालकांनी त्याच दिवशी केलेले वजन सांगावे, जुन्या कार्डावरचे नव्हे. भूल द्यायची असल्यास साधारणपणे अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आधी बंद. तान्ह्या बाळाला मात्र दूध पाजून, घट्ट गुंडाळून पुष्कळदा भुलीशिवायच निभावते.

— बालरेडिओलॉजी विभागातील काही डॉक्टर व तंत्रज्ञ