एमसीबी का पडते हे शोधा, मगच ती बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगीची बातमी पेपरात आली की शेवटी एक वाक्य हमखास असतं, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे', आणि बातमी तिथेच संपते. मी घरगुती वायरिंगची कामं करतो त्यामुळे माझं डोकं नेमकं तिथेच अडकतं, की शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, काय करत होती? ती पडली का नाही? की सारखी पडते म्हणून कोणीतरी आधीच काढून मोठी बसवली होती?

हे शेवटचं मी कामावर इतक्या वेळा बघतो की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरातली एमसीबी पडायला लागली की लोक म्हणतात एमसीबी खराब झाली, बदलून टाका, आणि बदलताना १६ ॲम्पिअरच्या जागी ३२ ची टाका म्हणजे कटकट मिटेल. कटकट मिटते, पण संरक्षणही जातं. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते, उपकरणाला नाही, त्यामुळे तिचा आकडा भिंतीत गेलेल्या वायरवरून ठरतो. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ ॲम्पिअरची एमसीबी लावली तर त्या वायरमधून ३० ॲम्पिअर दिवसभर वाहत राहिले तरी ती पडणारच नाही, तिच्या हिशोबाने सगळं ठीक चाललंय, आणि वायरचं इन्सुलेशन आत पाइपमध्ये हळूहळू भाजत असतं. दिसत तर काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी ती कशी पडते ते बघा. पडायच्या पद्धतीवरूनच निम्मं निदान होतं आणि त्याला कुठलंही मीटर लागत नाही. एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, ती करंटने तापून वाकते आणि सावकाश पाडते, हे ओव्हरलोडसाठी. दुसरी कॉइल, ती शॉर्टसर्किटला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. खटका वर केला की त्याच क्षणी फटकन पडत असेल तर शॉर्ट आहे असं धरून चाला आणि परत परत वर करून बघू नका, प्रत्येक वेळी आतले काँटॅक्ट जळतात. पाच-दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा कुठेतरी गरम होतंय. आणि फक्त मोटर, पंप किंवा एसी सुरू होतानाच पडत असेल तर बऱ्याचदा दोष कशातच नसतो, तिथे बी टाइप लावलेली असते. बी टाइप रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडते, सी टाइप ५ ते १० पटीला, आणि मोटर सुरू होताना क्षणभर तेवढा करंट घेतेच. एमसीबीच्या तोंडावर सी१६ असं लिहिलेलं असतं ते हेच, सी म्हणजे टाइप आणि १६ म्हणजे ॲम्पिअर. खाली चौकोनात ६००० किंवा १०००० असतं त्याचा लोडशी काही संबंध नाही, शॉर्टच्या वेळी किती करंट ती सुरक्षितपणे तोडू शकते तो आकडा आहे.

ओव्हरलोडचा हिशोब घरच्या घरी होतो. वॅटला २३० ने भागा, ॲम्पिअर आले. २००० वॅटचा गिझर ८.७, २००० वॅटची इंडक्शन शेगडी तेवढीच, १००० वॅटची इस्त्री ४.३, तिन्ही एकाच १६ च्या एमसीबीवर असतील तर झाले जवळपास २२. आता गंमत बघा, १६ ची एमसीबी १६ ला पडत नाही, १८ ॲम्पिअर तर ती तासभर सहन करते, आणि २३ च्या थोडं वर गेलं की तासाच्या आत पडलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे २२ ला ती कधी पडेल कधी नाही पडणार, आणि घरातले म्हणतात काल तर चालत होतं, आज एमसीबीच बिघडली. बिघडलेली नसते हो, लोड वेगळ्या सर्किटवर न्यायचा असतो.

लोड कमी असूनही उशिरा पडते ती केस मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण इथेच चुकीचं निदान होतं. एका घरात गिझरची एमसीबी रोज सकाळी पडायची, आधी येऊन गेलेल्याने नवीन बसवली होती तरी पडायची. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावला तर करंट ९ च्या आतच. मेन बंद करून, सप्लाय नाही याची खात्री करून एमसीबी खाली ओढली, तर आउटगोइंगचा, म्हणजे गिझरकडे जाणाऱ्या वायरचा, स्क्रू अर्धा ढिला, वायरचं टोक काळं पडलेलं आणि त्याच्या मागचं इंचभर इन्सुलेशन कडक होऊन बोट लावल्यावर तुकडे पडत होते. लूज कनेक्शनची उष्णता टर्मिनलमधून आत जाते आणि ती द्विधातूची पट्टी त्याच उष्णतेने वाकते, करंटचा संबंधच नाही. जळका भाग कापला, नवीन तांबं सोललं, स्क्रू नीट आवळला. जळलेल्या टर्मिनलची एमसीबीही बदलावी लागली, पण १६ ची १६ च. तेव्हापासून पडली नाही. डीबीजवळ (सगळ्या एमसीबी असतात त्या पेटीजवळ) प्लास्टिक जळल्याचा वास, चरचर आवाज, हात ठेववत नाही इतकी गरम एमसीबी यातलं काहीही असेल तर ती पडायची वाट बघू नका, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. कोमट लागणं मात्र नॉर्मल आहे. दाटीवाटीने बसवलेल्या एमसीबी एकमेकींच्या गरमीने थोड्या लवकर पडतात हेही खरं.

मग खरंच एमसीबी खराब आहे हे कसं कळणार? आधी त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून उपयोग नाही, प्लगच काढा. खटका आधी पूर्ण खाली दाबून मग वर करा, पडलेली एमसीबी काही वेळा अधेमध्ये अडकलेली असते आणि लोकांना वाटतं ती लागतच नाही. एवढं करून ती टिकली तर एक एक उपकरण लावत जा, ज्याने पडेल ते बाजूला काढा. काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर पुढचं काम वायरमनचं, घरच्यांनी डीबी उघडू नये, कारण मेन स्विच बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला करंट असतोच. वायरमन आउटगोइंग वायर काढून एमसीबी मोकळी ठेवून चालू करेल. मोकळी असूनही पडली किंवा खटका वर राहतच नसेल तर दोष एमसीबीचा. मोकळी टिकली आणि वायर जोडल्यावर पडली तर दोष भिंतीत, तिथे मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा, ५०० व्होल्टला निदान १ मेगओहम यायला पाहिजे. खटका वर आहे, वरच्या बाजूला २३० येतायत आणि खाली काहीच नाही, तर आतले काँटॅक्ट गेले. गिझर, एसी रोज एमसीबीनेच चालू-बंद करणाऱ्यांच्या घरी हे होतं, ती साधारण ४००० वेळांच्या चालू-बंदसाठी तपासलेली असते, स्विचचं काम तिच्याकडून घेऊ नये.

काही वायरमन फेज-न्यूट्रलला मुद्दाम ठिणगी पाडून एमसीबी 'चेक' करतात. कृपा करून असं कोणाला करू देऊ नका. ओव्हरलोडला ती वेळेत पडते का हे त्यातून कळत नाही आणि तोंडावर भाजण्याचा धोका असतो तो वेगळाच.

आरसीसीबीचं मात्र वेगळं शास्त्र आहे, लोक तिलाही एमसीबीच म्हणतात म्हणून लिहितो. ती ओव्हरलोड बघत नाही, गळती बघते, म्हणजे करंट वायर सोडून अर्थिंगकडे किंवा माणसातून जमिनीकडे निसटतोय का ते, ३० मिलिॲम्पिअरवाली १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकते. सगळ्या एमसीबी खाली करून एक एक वर करा, कुठल्या सर्किटला पडते ते कळतं, बहुतेक वेळा गिझरचं एलिमेंट किंवा ओल धरलेला बाहेरचा पॉइंट निघतो. पण सगळ्या खाली असूनही पडत असेल तर लगेच आरसीसीबीला दोष देऊ नका. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि कुठे न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर ती पडते. चांगल्या आरसीसीबी या एका कारणावरून फेकून दिलेल्या मी बघितल्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बायपास करून सरळ जोडलेल्याही. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं ते निदान दर तीन महिन्यांनी दाबा, न पडली तर त्याच दिवशी बदला.

आपल्याला एक विनंती आहे. आगीच्या बातमीत आपल्या बातमीदारांनी शक्य तिथे एवढं विचारावं, की त्या सर्किटवर एमसीबी किती ॲम्पिअरची होती, वायर किती स्क्वेअर एमएमची होती आणि आरसीसीबी बसवली होती का. तपास करणाऱ्यांकडून उत्तर मिळालं तर ते छापा, नाही मिळालं तर तसंही छापा.

आपला,
एक वायरमन वाचक