भुजंगधारी आणि चोर्ला घाट

चि. अमोघ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी अर्ध्या ताटावरून उठून गाडी काढलीस. पोचल्याचा मेसेज पहाटे आला, तोवर आई देवघरात आणि मी गॅलरीत. घाटाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

आजी तुला साडेसाती आहे म्हणाली, त्यावर तू सुनावलंस की सूर्याच्या वाटेवर बारा नव्हे, तेरा तारकासमूह आहेत आणि तुझी रासच वेगळी. त्यातलं बरंचसं पटलं. १९२८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी तारकासमूहांच्या हद्दी ठरवल्या आणि क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या त्या वाटेचा, एक तुकडा भुजंगधारी या तेराव्याकडे गेला. वृश्चिकेत सूर्य जेमतेम आठवडाभर. नोव्हेंबरअखेर तो भुजंगधारीत शिरतो, तो डिसेंबरच्या १७-१८ पर्यंत तिथंच. तुझा जन्म ५ डिसेंबरचा, म्हणजे तू पक्का भुजंगधारी. कागदावर रेघ मारली की कोण कुठल्या बाजूला जातं, हे आम्हा बेळगावकरांना वेगळं शिकवायला नको!

पण अरे, आजी चंद्राची रास धरते. तुझा चंद्र मीनेत, शनीही सध्या मीनेत, म्हणून ती तुला साडेसाती सांगते. तिच्या राशी म्हणजे ३० अंशांचे बारा सारखे भाग. आकाशातलं चित्र लहान-मोठं असो, तेराव्याला तिथं जागाच नाही. मग तिला सूर्याचं सांगून काय उपयोग? समोरचा काय म्हणतोय ते आधी ऐकावं... झाली सुरू माझी मास्तरकी. रागावू नकोस.

मे महिन्यात लाइट गेली की शहापूरच्या गच्चीवर तू वृश्चिकेचा आकडा शोधायचास. विहिरीत पडलेली कळशी याने निघेल म्हणायचास. ज्येष्ठेचा तांबडा तारा तुला माझ्याआधी दिसायचा. आता १६०४ साली भुजंगधारीत स्फोटानं अचानक उजळलेला केप्लरचा तारा तू मला समजावतोस, आणि मी तो गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतो. काका तर मला बघून रस्ता बदलतात.

घाटात कणकुंबीच्या पुढे गाडी थांबवून आकाश बघतोस, हे संजूकडून कळलं. तिथं अंधार चांगला, मान्य. पण गवे रस्त्यावर येतात, वळणावर ट्रक दिवे न लावता उभे असतात. पुढच्या वेळी सकाळी निघ, नाहीतर पणजीची बस धर.

आजी तुझ्या नावानं दर शनिवारी शनीला तेल घालते. तेल मीच आणून देतो, हे आईला माहीत नाही.

रात्री निघालासच, तर पोचल्यावर फोन कर. मेसेज नको.

तुझे,
बाबा