केळीचा धागा, मातीची भांडी आणि तुम्ही सगळे

स्टुडिओत मुक्कामी येणाऱ्या कलाकारांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी यावल-रावेरकडच्या शेतकरी दादांचे. घड कापला त्याच दिवशी तुम्ही खोडं पोहोचवता म्हणून धागा उजळ निघतो. शिळ्या खोडाचा रस काळा पडतो आणि ते डाग धुऊन जात नाहीत. धागा सावलीत वाळवणाऱ्या ताईंचेही आभार.

काळी माती सुकताना फार आकसते, भांडं तडकतं. म्हणून गाळाची माती चाळून, लीद कालवून देणारे कुंभारदादा मोलाचे! आणि रात्रभर भट्टीशी बसणारे तर फारच. १०० अंशांपर्यंत जाळ मंद नसेल तर ओलाव्याची वाफ भांडं फोडते. ५७३ अंशांच्या आसपास गारगोटीचे कण एकदम फुगतात, तिथेही घाई चालत नाही. जळणासाठी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे वेळेवर टाकून जाणाऱ्यांनाही रामराम.