बंद कारखान्यातून कामगाराने काय न्यावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादा उद्योग बुडाल्याची बातमी येते, तेव्हा तीत बँकांची किती रक्कम अडकली आणि भागधारकांचे किती नुकसान झाले, याचे आकडे असतात. कामगारांचा किती महिन्यांचा पगार आणि किती दिवसांची शिल्लक रजा बुडाली, हा आकडा बहुधा नसतो. कधीकधी मात्र ‘कामगारांनी सामान पळवले’ असे एखादे वाक्य असते. मी एका कारखान्याच्या भांडार विभागात अठरा वर्षे काम केले आणि तो बंद पडला त्या दिवशी फाटकावर पिशव्या तपासण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून या वाक्याबद्दल लिहावेसे वाटते.

कारखाना एका दिवसात बुडत नाही, आणि भांडारात ते सर्वांत आधी कळते. साठ दिवसांच्या उधारीवर माल टाकून जाणारे पुरवठादार आधी तीस दिवसांवर येतात आणि मग रोख मोजून घेतल्याशिवाय गाडी रिकामी करू देत नाहीत. सुट्या भागांची मागणीपत्रे सहीविना पडून राहतात, म्हणून एका यंत्राचे भाग काढून दुसरे चालू ठेवावे लागते. त्याच सुमारास पगाराची तारीख सरकू लागते आणि पुढे ‘निम्मा आता, निम्मा पुढच्या महिन्यात’ अशी सूचना फलकावर लागते. भविष्य निर्वाह निधीची वजावट पगारपत्रकात दिसत राहते, पण ती रक्कम भरलेलीच नसते, आणि हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

अशा वेळी कामगाराने दुसरी नोकरी का धरली नाही, असे बाहेरची माणसे विचारतात. त्याने स्वतःहून राजीनामा दिला, तर नोकरकपातीची भरपाई बहुतेक वेळा हातची जाते आणि थकलेल्या पगारासाठी पाठपुरावा करणेही अवघड होते, म्हणून तो थांबतो. पुरवठादाराला उधारी बंद करता येते, बँकेकडे तारण असते. कामगार मात्र महिनाभर आधी राबतो आणि पैसे नंतर घेतो, म्हणजे तो मालकाला दर महिन्याला बिनतारणाचे कर्ज देत असतो, आणि ते देण्याची त्याची तयारी आहे का, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

शेवटच्या दिवशी त्या पिशव्यांतून जे निघाले, ते मला अजून आठवते. चहाचे कप, कपाटाची कुलुपे, खुर्चीवरची उशी, विभागाचा एक जुना समूह-फोटो. एका वयस्क लेथ कामगाराच्या पिशवीत मायक्रोमीटर, म्हणजे जाडी अचूक मोजण्याचे छोटे उपकरण, होता. त्याच्या डबीवर त्याने कित्येक वर्षांपूर्वी स्वतःचे नाव कोरले होते. माझ्या नोंदवहीप्रमाणे ती कंपनीची मालमत्ता होती, म्हणून मी तो काढून घेतला. त्याचे चार महिन्यांचे वेतन थकले होते. मालाची यादी करण्यासाठी मला पुढे काही आठवडे ठेवले होते, तेव्हा तो मायक्रोमीटर भंगाराच्या ढिगासोबत किलोच्या भावाने गेलेला मी पाहिला.

यंत्रे किंवा तांब्याची तार कोणी उचलून नेली, तर त्याचे मी समर्थन करणार नाही, कारण त्यांच्या विक्रीतूनच देणी भागायची असतात आणि नेणारा आपल्याच सहकाऱ्यांच्या वाट्यातून नेत असतो. आयर्लंडमधील डेबनहॅम्स या दुकानांच्या कामगारांना हे नेमके कळले होते. एप्रिल २०२० मध्ये दुकाने बंद झाल्यावर त्यांनी आतला माल घरी नेला नाही, तर तो बाहेर जाऊ नये म्हणून दारांवर ४०६ दिवस पहारा दिला. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१९ साली ब्लॅकज्यूल या कोळसा कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि खाणकामगारांचे पगाराचे धनादेश वटले नाहीत, तेव्हा ते कोळशाच्या रेल्वेगाडीसमोर रुळांवर जाऊन बसले. त्या डब्यांतला कोळसा त्यांनीच काढलेला होता आणि त्याची मजुरी त्यांना मिळालेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये थकीत पगाराबाबत तडजोड झाली.

कायद्यात कामगाराला स्थान नाही, असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या वेतनसंरक्षण करारात दिवाळखोरीच्या वेळी कामगाराला प्राधान्याचा धनको, म्हणजे इतरांआधी देणे मिळण्याचा हक्कदार, मानले आहे. १९९२ च्या करारात त्या प्राधान्याच्या जोडीला, मालक बुडाल्यास थकलेला पगार देणाऱ्या हमी संस्थेचाही मार्ग दिला आहे. भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार, कंपनी अवसायनात निघाल्यास, म्हणजे ती गुंडाळून तिची मालमत्ता विकायला काढल्यास, कामगारांची आधीच्या चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणाऱ्या तारणधारकांची देणी एकाच पायरीवर येतात. पण माझ्या अनुभवानुसार रांगेतली जागा आणि हातात पडलेले पैसे यांत फार अंतर असते. लिलाव लांबतो, दावे चालतात, आणि तोवर घरभाडे व मुलांची फी थांबत नाही. म्हणूनच मला जर्मनीची व्यवस्था अधिक न्याय्य वाटते. तिथे मालक दिवाळखोर झाल्यास शेवटच्या तीन महिन्यांचे निव्वळ वेतन, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकारी रोजगार यंत्रणा देते, आणि त्यासाठी सर्व मालकांकडून वर्गणी घेतली जाते. एका मालकाच्या अपयशाचा भार सगळ्या मालकांत वाटला जातो, आणि कामगाराला लिलावाची वाट पाहावी लागत नाही.

अर्थात, असा निधी कागदावर असणेही पुरेसे नाही. युरोपीय समुदायाने १९८० मध्येच सदस्य देशांना हमी संस्था उभारण्यास सांगितले होते. इटलीने ते मुदतीत केले नाही. आंद्रेआ फ्रँकोविच या कामगाराचा पगार थकला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. १९९१ च्या निकालाने अशा कसुरीबद्दल राज्यसंस्था नुकसानभरपाईस जबाबदार ठरू शकते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. पुढे न्यायालयाने त्या नियमाचा जो अर्थ लावला, त्यानुसार मात्र स्वतः फ्रँकोविच त्या संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले.

ज्यांच्या कारखान्यात आज पगाराची तारीख सरकू लागली आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फाटक बंद होण्याची वाट न पाहता आपले कागद आताच घरी आणावेत: नेमणूकपत्र, प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा खातेउतारा, रजेचा हिशेब. थकबाकीची रक्कम अधिकाऱ्याच्या सहीने लेखी घ्यावी आणि सही मिळत नसेल तर निदान पत्र पाठवून त्याची पोच जपून ठेवावी. अवसायक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेल्यावर दावा दाखल करण्याची मुदत असते, ती चुकवू नये.

आमच्याकडे त्या दिवशी हे कोणाला सुचले नाही, आणि ते मला सुचायला हवे होते, याची खंत मला आजही आहे. ओव्हरटाइमच्या तासांची वही माझ्याच टेबलावर होती. तिची प्रत कोणी मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही. संध्याकाळी ती इतर दप्तरासोबत सील केलेल्या खोलीत गेली, आणि पुढे चौघांचा ओव्हरटाइमचा दावा पुराव्याअभावी अमान्य झाला.

आपला,
एक माजी भांडारपाल