१९ फेब्रुवारीला दिलेले रक्त मे महिन्यात कुठून आणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवजयंतीच्या ‘महारक्तदान शिबिरां’चे फ्लेक्स चौकाचौकांत लागू लागले आहेत. एका दिवसात पाचशे, हजार, दोन हजार पिशव्यांचा संकल्प त्यांवर ठळक अक्षरांत असतो. रक्तपेढीत काम करणाऱ्यांना हा आकडा वाचून काळजीच जास्त वाटते. का, ते थोड्या हिशेबाने कळेल.

पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे १९ फेब्रुवारीला ज्याने रक्त दिले तो थेट २० मे रोजी मोकळा होतो, आणि जिने दिले ती १९ जूनला. आता पिशवीकडे पाहा. साध्या पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात, पोषक द्रावण घातलेल्या ४२ दिवस. शिवजयंतीची पिशवी, फार ताणले तरी, २ एप्रिलला संपली. प्लेटलेट्सचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणांचे, आयुष्य तर पाचच दिवसांचे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, तेवढा उणे ३० अंशांखाली गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे एप्रिल लागताच फेब्रुवारीचे रक्त एकतर वापरले गेलेले असते किंवा मुदत उलटून टाकून द्यावे लागलेले असते, आणि ज्यांच्याकडून नवे मिळायचे त्यांना अजून दीड महिना हात लावता येत नाही.

नेमक्या याच काळात कॉलेजे परीक्षांत आणि मग सुट्टीत असतात, नोकरदार गावी जातात, आणि उन्हात शिबिर भरवायला कोणी तयार होत नाही. १४ एप्रिल आणि १ मे या दोन दिवसांची शिबिरे बरीच लाज राखतात. पण तिथेही फेब्रुवारीत रक्त दिलेले दाते येतात आणि परत पाठवावे लागतात. काही जण तर आधीची तारीख सांगतच नाहीत. इकडे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते. बाळंतपणातला रक्तस्राव, अपघात, कर्करोगाचे उपचार यांनाही मोसम नसतो.

म्हणून मंडळांना विनंती अशी, की नोंदवलेल्या नावांचे तीन भाग करा. एक भाग १९ फेब्रुवारीला, दुसरा मार्चमध्ये, तिसरा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. शिवजयंती तारखेची की तिथीची, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. फाल्गुन वद्य तृतीयेला वेगळे शिबिर झाले तर रक्तपेढीचा फायदाच आहे. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला फोन करून साठा विचारा. निगेटिव्ह गटाचे लोक आपल्याकडे शंभरात पाचएक. त्यांनी गर्दीच्या शिबिरात रक्त देऊन मोकळे होण्यापेक्षा रक्तपेढीत नाव-नंबर नोंदवावा आणि बोलावणे येईल तेव्हा यावे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या अतिदुर्मिळ ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या मंडळींना तर हे दुपटीने लागू आहे.

आता हजार पिशव्यांच्या शिबिराविषयी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत शिबिराचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० दाते घ्यायचे तर एक डॉक्टर, दोन परिचारिका, दोन समाजसेवक, तीन तंत्रज्ञ, दोन मदतनीस आणि सहा ते आठ खाटा लागतात. या मापाने हजार दात्यांना आठ-नऊ पथके हवीत. ती एका दिवशी, एका मांडवात आणायची कुठून? मग डॉक्टरची तपासणी मिनिटभरात उरकते, प्रश्नावली कार्यकर्ताच भराभर टिक करून टाकतो, आणि रक्त दिलेल्या माणसाला दहा मिनिटेही आडवे राहू न देता पुढच्याला खाट दिली जाते.

त्यात उद्घाटन. पत्रिकेत वेळ दहाची, पाहुणे येतात साडेअकराला. सकाळी सातला चहा-बिस्किटावर निघालेली पोरे तोवर उन्हात रांगेत उभी. रक्त उपाशीपोटी घ्यायचे नसते. आधीच्या तीन-चार तासांत पोटात काही गेलेले हवे. रिकामे पोट, उकाडा, ताटकळणे आणि शेजारचा गरगरून पडलेला पाहणे, यांतूनच भोवळ येते. तिचा दोष मात्र रक्तदानाला लागतो. शिबिरात पडलेला मुलगा आयुष्यभर ‘मला सोसत नाही’ म्हणून सांगत फिरतो, आणि पाहणारे दहा जण त्याच्यासोबत कायमचे जातात. उपाय साधा आहे: आल्याबरोबर अर्धा लिटर पाणी, काहीतरी खारट-गोड खाणे, बसायला सावली, आणि खाटेवर असताना पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळत-सोडत राहायला सांगणे. तरीही चक्कर आली तर पाय वर उचलायचे आणि सुई लगेच काढायची.

फोटोचेही तसेच. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली गोठणरोधक द्रावण असते आणि रक्त येत असताना पिशवी सतत हलती ठेवावी लागते. ती साधारण पाच ते दहा मिनिटांत भरते. सेल्फीसाठी हात वळवला की सुई सरकते, धार मंदावते, हात काळानिळा पडतो. भरायला फार वेळ लागलेल्या पिशवीतून प्लेटलेट्स काढत नाहीत, कारण त्यात गोठण्याची क्रिया सुरू झालेली असते. प्लेटलेट्ससाठीचे रक्त २० ते २४ अंशांत ठेवून सहा-आठ तासांत रक्तपेढीत वेगळे करावे लागते. भाषणे लांबली आणि गाडी मिरवणुकीत अडकली की ते घटक हातचे गेले.

फ्लेक्सवर नेत्यांच्या चेहऱ्यांमधून जागा उरली तर पात्रतेचे नियम छापा. वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देणारा साठीच्या आतला हवा. वजन ४५ किलो असेल तर ३५० मिली, ५५ च्या वर असेल तर ४५० मिली. हिमोग्लोबिन किमान १२.५. रक्तदाब वरचा १०० ते १४०, खालचा ६० ते ९०. बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे म्हणून घरी बसणारे कितीतरी आहेत. रक्तदाब आणि साखर आटोक्यात असेल आणि गोळी किंवा तिचा डोस गेल्या चार आठवड्यांत बदललेला नसेल, तर ते रक्त देऊ शकतात. इन्सुलिन घेणारे मात्र नाही. मलेरियातून बरे झाल्यावर तीन महिने, टायफॉइडनंतर वर्षभर थांबायचे. आणि दंडावर महाराजांचा टॅटू नुकताच गोंदवून घेतलेल्या मावळ्यांनीही वर्षभर थांबायचे. काविळीचा प्रकार कोणता होता ते डॉक्टरला सांगा. बी किंवा सी असेल तर कायमची मनाई आहे.

स्त्रियांबद्दल वेगळे लिहायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. शिबिरात बोटाला सुई टोचून एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. तो पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगला तर ‘ताई, तुमचे नाही घेता येणार’. इथेच बहुतेक शिबिरे चुकतात. चारचौघांत नकार मिळालेली बाई पुन्हा येत नाही. तिला चिठ्ठीवर आकडा लिहून द्या, जवळच्या दवाखान्यात पूर्ण रक्ततपासणी करायला सांगा, जेवणानंतर तासभर चहा टाळायला सांगा, आणि तीन महिन्यांनी यायचा निरोप द्या. ३५० मिली रक्तातून सुमारे १५० मिलिग्रॅम लोह जाते; नेमाने रक्त देणाऱ्या पुरुषांनीही ते भरून काढले पाहिजे.

हेल्मेट, पनीर, भिंतीवरचे घड्याळ यांची प्रलोभने बंद व्हावीत, हे आम्ही हात जोडून सांगतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात. पण संसर्ग झाल्यानंतरचा सुरुवातीचा काही काळ कोणत्याच तपासणीत सापडत नाही. त्या काळात रोग्याला वाचवते ते फक्त दात्याने प्रश्नावलीत दिलेले खरे उत्तर. वस्तू समोर ठेवली की ते उत्तर बदलते.

‘आम्ही फुकट देतो आणि तुम्ही विकता’ हा राग आम्हाला रोज ऐकावा लागतो. रक्ताची किंमत घेता येत नाही. पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणे, शीतसाखळी आणि पगार यांचा प्रक्रिया खर्च घेतला जातो. लाल पेशींच्या पिशवीला खासगी रक्तपेढीत १,५५० रुपये ही राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ साली ठरवलेली कमाल मर्यादा आहे. कोणी जास्त घेतले तर पावती मागा आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करा. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे आहे. हा तपशील शिबिराच्या टेबलावर लावायला रक्तपेढ्यांना काय जड जाते, हे आम्हालाही कळत नाही. या बाबतीत दोष आमच्याच क्षेत्राचा आहे.

रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवावे, कोपर न मुडपता कापूस दाबून धरायला सांगावे, त्या दिवशी जड उचलू नये. चक्कर कधीकधी अर्ध्या-पाऊण तासाने येते, म्हणून शिबिरातून उठून थेट दुचाकी फेरीत कोणाला पाठवू नका. एसटी, ट्रक चालवणाऱ्यांची पुढची पाळी चोवीस तासांच्या आत असेल तर त्यांचे रक्त घ्यायचेच नसते. झोप न झालेल्यांचेही नाही. गडावरून शिवज्योत घेऊन रात्रभर धावत आलेल्या पोरांना सकाळी खाटेवर झोपवू नका. त्यांची नावे एप्रिलच्या यादीत घाला.

— रक्तपेढीतील काही तंत्रज्ञ व वैद्यकीय समाजसेवक, पुणे