व्हिएन्नाहून आईला

प्रिय आई,

मी आणि बाळ दोघंही ठीक आहोत. जेवण-झोप नेहमीसारखी, ते पुन्हा लिहीत नाही.

परवा फोनवर तू रागावलीस, "काही त्रास नाही तर आतून तपासणी कशाला?" अगं, मलाही तेच वाटलं होतं. ना खाज, ना अंगावरून पांढरं जात होतं. तरी सतराव्या आठवड्यात डॉक्टरांनी कापसाच्या काडीने स्राव घेतला. काडी नुसती योनिमार्गात फिरवतात, बाळापर्यंत जात नाही. मग काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांनी मलाही पाहायला लावलं. पेशींच्या कडा बारीक ठिपक्यांनी खरबरीत झालेल्या. ते चिकटलेले जंतू. चांगले जंतू कमी झाले की हे वाढतात. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, आई. उलट आतून धुतलं तर जास्तच बिघडतं.

असा संसर्ग वर सरकला तर कळा लवकर सुरू होऊ शकतात, आणि बाईला आधी काही जाणवतही नाही. याच शहरात चार हजारांहून जास्त गरोदर बायकांची १५ ते १९ आठवड्यांत अशी तपासणी केली होती. ज्यांचे निकाल कळवून गरजेप्रमाणे उपचार केले, त्यांच्यात ३७ आठवड्यांआधी बाळंत होणाऱ्या शंभरात ३ निघाल्या. ज्यांचे निकाल कळवलेच नाहीत, त्यांच्यात ५.३. हे २००४ साली छापून आलं. पुढे फ्रान्समध्ये अशाच संसर्गावर तोंडाने गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा फरक पडला नाही. म्हणून डॉक्टर हमी देत नाहीत. पण मी स्वतः आठव्या महिन्यात झालेली. काचेच्या पेटीबाहेर तू किती दिवस बसून होतीस ते आजीने सांगितलंय. मग मी ही तपासणी कशी टाळणार होते?

रात्री लावायचं मलम आठवडाभर लावलं, संपलं. पुन्हा तपासणार आहेत. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. हसत बोलत राहिले, चुकलंच.

आता मनूचं लग्न. तेव्हा मला आठवा लागलेला असेल, विमानात बसणं जमणार नाही. माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. तिकिटासाठी ठेवलेले पैसे बाबांच्या खात्यात टाकले आहेत, परत पाठवू नका. मनूला मी स्वतः सांगते, तू आधी बोलू नकोस. तिला पहिल्यांदा साडी मीच नेसवली होती गं.

तुझी,
ताई