सशाला लव आणून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

चारचौघांत झालेले कौतुक आपल्याला मुळीच रुचत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे. रबरी खेळण्यावर मखमली लव कशी बसवायची, हे विचारायला आता दोन-चार कारखानदार माझ्याकडे येऊन गेले, आणि मी त्यांना जे सांगते ते मूळचे कोणाचे, हे त्यांना कळले पाहिजे असे मला वाटते.

डहाणूचा आमचा फुग्यांचा कारखाना वडिलांच्या वेळचा. डहाणूला चिकूच्या वाड्या आहेत तसे फुग्यांचे कारखानेही आहेत, त्यामुळे या कामाचे आम्हाला नवल नाही. अमोनिया घातलेले, साठ टक्के रबर असलेले लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, पिंपांतून येते. त्यात गंधक, झिंक ऑक्साइड आणि रबर लवकर पिकवणारे गतिवर्धक मिसळायचे, कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणातून काढून वाळवलेले साचे त्यात बुडवायचे, साच्यावर गोठलेला रबराचा थर गरम पाण्यात धुऊन भट्टीत पिकवायचा आणि पावडर लावून उतरवायचा, हे मी झोपेतही करू शकेन. अडचण आली ती सशाची. रिकामा असताना १८ सेंटीमीटर आणि पंपाने फुगवल्यावर २७ सेंटीमीटर होणारा, जाड भिंतीचा रबरी ससा मी केला खरा, पण त्याला हात लावला की फुग्यासारखाच चिकट, करकरणारा लागे. सशाला हात लावल्यावर ससा वाटला पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता.

लव बसवण्याचे, म्हणजे फ्लॉकिंगचे, काम मी आधी एका कंत्राटदाराकडे दिले होते. त्यांच्याकडून आलेल्या दोनशे सशांची लव आठवडाभरात खपल्यांसारखी सुटू लागली. डिंक हलका वापरला म्हणून मी त्यांच्याशी भांडले, त्यांनी रबराला दोष दिला, आणि माल माझ्या माथी पडला. दागिन्यांच्या डब्यांचा व्यापार करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, डब्यांना लव लावणारे म्हणून, आपला पत्ता दिला नसता, तर तो ससा तिथेच संपला असता.

वसईच्या आपल्या गाळ्यातली ती जुलैची दुपार मला जशीच्या तशी आठवते. मी डिंकाचे तीन डबे, नायलॉनच्या तंतूंचे चार नमुने आणि तक्रारींची वही घेऊन आले होते. आपण त्यातले काहीच पाहिले नाहीत. लव न लावलेला एक ससा उचललात, दाराशी निथळत ठेवलेल्या छत्र्यांपैकी कोरडी होती ती काळी छत्री ओढलीत आणि सशाचे पोट तिच्या कापडावर घासलेत. कापडावर पांढरा पट्टा उमटला. "डिंक रबराला लागलाच नाही, तुमच्या पावडरीला लागला," एवढेच आपण म्हणालात. वीस वर्षे मी ती पावडर रोज अंगावर घेऊन घरी जाते आणि ती मला दिसली नाही, याची लाज मला अजून वाटते.

नंतर या गोष्टीची मला गंमतही वाटली. मायकेल फॅरडे यांनी १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे फुगे केले, तेव्हा रबराच्या दोन चकत्या एकीवर एक ठेवून त्यांच्या कडा दाबून चिकटवल्या आणि मधल्या भागावर पीठ भुरभुरले, ते आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. पिठाची जागा पुढे पावडरीने घेतली, पण तिचे काम तेच राहिले: चिकटू न देणे. फुगेवाल्यांच्या दृष्टीने जो गुण, तोच लव बसवणाऱ्याच्या दृष्टीने अवगुण. तेव्हापासून लव लावायचे ससे आम्ही साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुतो, वाळवतो आणि काळ्या कापडावर घासून पाहतो. कारखान्यात त्या चाचणीला सगळ्या बायका "छत्री" म्हणतात.

पावडर गेली, तरी लव उभी राहीना. आपण स्वतः डहाणूला आलात, आपली हातात धरायची फ्लॉकिंग गन घेऊन, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा हे काम उमगले. अर्धा ते एक मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे हे तंतू. विद्युत्भार घेता यावा म्हणून त्यांच्यावर आधीच एक लेप दिलेला असतो. गनमध्ये साठ हजार व्होल्टचा दाब असतो. भारित तंतू जमिनीला जोडलेल्या वस्तूकडे झेप घेतात आणि वाटेत बाणासारखे सरळ होऊन ओल्या डिंकात टोकावर रुततात. माझ्या सशावर मात्र पहिले काही तंतू उभे राहत आणि मागून येणारे आडवे पडत, भरकटत, कधी उलटे माझ्याच बाहीवर येऊन बसत. मी तंतू पुरवणाऱ्याला दोष द्यायला लागले होते. आपण म्हणालात, "करंटला घरी जायला वाट ठेवली आहे का?"

ती ठेवलेली नव्हती. रबर वीज वाहू देत नाही, त्यामुळे आधी बसलेल्या तंतूंचा भार सशाच्या अंगावरच साचत होता आणि तोच नव्या तंतूंना दूर ढकलत होता. आपण दाखवलेली युक्ती इतकी साधी होती की मी वहीत लिहिताना हसले. रबर वीज वाहू देत नसले, तरी पाण्यात कालवलेला ओला डिंक ती वाहू देतो. म्हणून डिंकाचा थर सशाच्या बुडाशी असलेल्या हवेच्या नळीपर्यंत ओढायचा आणि त्या धातूच्या नळीला अर्थिंगच्या तारेचा चिमटा लावायचा. चिमटा लावताच तंतू सशाकडे असे ओढले गेले, की पाच-सहा सेकंदांत त्याचे कान पांढरे झाले. विजेच्या ज्या बलरेषांच्या वाटेने हे तंतू ओढले जातात, त्या रेषांची कल्पना मांडणारेही फॅरडेच. आपल्या या धंद्यात त्यांचा पाय दोन्हीकडे आहे.

फक्त एका बाबतीत मी आपले ऐकले नाही. आपण आणलेली नळी पितळेची होती. पितळेत तांबे असते आणि तांबे हे रबराचे वैरी, त्याच्या सहवासात रबर लवकर सडते, हे वडिलांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितले होते, म्हणून मी स्टीलची नळी करून घेतली. आपण ती हातात घेऊन पाहिलीत आणि "हे मला माहीत नव्हते," असे सर्वांसमोर म्हणालात. चाळीस वर्षे हे काम केलेल्या माणसाने माझ्या कामगारांसमोर हे म्हणणे किती सोपे केले, यासाठी वेगळे आभार.

यानंतर ताणाचा प्रश्न आला. रिकाम्या सशावर दाट बसवलेली लव फुगवल्यावर विरळ होई, आणि पोट लूत लागलेल्या कुत्र्यासारखे दिसे. आपण बॉलपेनने रिकाम्या सशाच्या पोटावर आणि कानावर एकेक सेंटीमीटरचा चौकोन काढलात आणि पंप मारायला सांगितलात. पोटावरचा चौकोन दोन सेंटीमीटरचा झाला, म्हणजे तितकेच तंतू चौपट जागेत पसरले. कानावरचा चौकोन जेमतेम वाढला. म्हणून ससा जवळजवळ पूर्ण फुगवूनच लव लावायची, हवा सोडल्यावर ती दाटली तर बिघडत नाही, असे ठरले. आपला डब्यांचा डिंक मात्र इथे टिकला नाही. पुठ्ठ्याला न ताणणारा डिंक चालतो, सशावर तो हवा सोडताच तडकला. तेव्हा आपणच आमच्या पिंपाकडे बोट दाखवलेत: रबराला रबराइतके जवळचे कोण? आता आम्ही आधी थोडे पिकवलेले लॅटेक्स घट्ट करून तेच डिंक म्हणून वापरतो. ते सशाबरोबर ताणते आणि सशाबरोबर आकसते.

लव लावलेला फुगवलेला ससा डिंक पिकवायला भट्टीत ठेवताना मी जो घोटाळा केला, तो लिहायचा नव्हता, पण इतर कोणी करू नये म्हणून लिहिते. ३० अंशांची हवा ७५ अंशांवर गेली की जवळपास पंधरा टक्क्यांनी प्रसरण पावते. तीन ससे भट्टीतच फुटले आणि उरलेल्यांवर लवेचे तुकडे बसले. "हे फुगेवाल्यांना मी सांगायचे का?" असे आपण फोनवर विचारलेत, ते योग्यच होते. आता भट्टीत जाण्याआधी थोडी हवा सोडतो.

आपल्यालाही नवी वाटलेली एक गोष्ट म्हणजे त्या बारीक भेगा. गनच्या जवळ रात्रभर टांगलेल्या सशांच्या अंगावर केसांसारख्या चिरा दिसल्या. उच्च दाबाच्या विजेतून ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या नैसर्गिक रबराला तो चिरतो. पुठ्ठ्याच्या डब्यांना त्याची काय तमा! आता लव लागताच ससे दुसऱ्या खोलीत जातात आणि गनच्या खोलीतली हवा पंख्याने बाहेर काढली जाते.

पावसाळ्याबद्दल आपण बजावले होते तसेच झाले. डहाणूच्या जुलैत तंतूंच्या ओल्या रव्यासारख्या गुठळ्या होतात आणि गनच्या चाळणीतून काहीच पडत नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत उलट तंतू एकमेकांनाच बिलगतात. आपल्या सांगण्यावरून एक लहान खोली पार्टिशन टाकून वेगळी केली, तिथे आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखली जाते.

मास्कचा आपला आग्रह मला सुरुवातीला अति वाटला होता. मग आपण सांगितलेत की अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या नायलॉन फ्लॉकच्या कामगारांमध्ये फुप्फुसांचा एक वेगळाच आजार आढळला आणि १९९८ साली त्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले. तंतू कापताना उडणारे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे खोल जातात. त्या दिवसापासून मास्क न लावता त्या खोलीत कोणी जात नाही, मीसुद्धा नाही, आणि खाली सांडलेले तंतू झाडूने नव्हे तर व्हॅक्यूमने उचलले जातात.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, चिन्ह सक्तीचे आहे, त्यामुळे ससा बाजारात जाण्याआधी चाचण्या आहेतच. पण आपली चाचणी आधी होते: चिकटपट्टी दाबून लावायची, झटक्याने ओढायची आणि तिच्यावर किती तंतू आले ते भिंगाने मोजायचे. तोंडात घालणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी हा ससा नाही, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो ही सूचना आम्ही खोक्यावर ठळक छापली आहे.

आपण या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत. गाडीभाडेही दोनदा परत केलेत. म्हणून पुढच्या सोमवारी आपली गन धुऊन-पुसून परत पाठवत आहे; तिच्यासोबत खोक्यात आपल्या नातींसाठी दोन ससे आहेत, एक पांढरा आणि एक राखाडी. राखाडीच्या डाव्या कानामागे लव किंचित आडवी आहे, ती आपल्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून आधीच कबूल करते. अर्थिंगचा तो जुना, गंजका चिमटा मात्र परत पाठवत नाही. त्याऐवजी दोन नवे ठेवले आहेत.

आपली,
डहाणूची फुगेवाली